‘शोलापूर’ टाइप करून बघा : ऑनलाइन जर्नल-डेटाबेसमधून प्राथमिक आणि दुय्यम साधनं कशी शोधायची

दर वर्षी १२ जानेवारीला सोलापूरच्या चार हुतात्मा चौकात पुतळ्यांना हार पडतात आणि भाषणांत एक वाक्य हमखास येतं : १९३० च्या मे महिन्यात सोलापूर तीन दिवस स्वतंत्र होतं. कुणी चार दिवस म्हणतं. आपण सगळे हे ऐकतच मोठे झालो. इतिहासाच्या प्रबंधिकेसाठी माझ्याकडे येणारी मुलं हेच वाक्य पहिल्या पानावर लिहून आणतात आणि खाली तळटीप असते एखाद्या स्मरणिकेची. मी एवढंच विचारतो, “त्या स्मरणिकेला हे कुणी सांगितलं?”

याचं उत्तर शोधायला लगेच मुंबई-दिल्ली गाठावी लागत नाही. निम्मं काम इथेच, कॉलेजच्या लायब्ररीतल्या संगणकावर होतं. पण ते कसं करायचं हे मुलांना शेजारी बसवून कुणी दाखवत नाही, आणि मग हुशार मुलंसुद्धा विकिपीडियावर थांबतात. याची मला मनापासून खंत वाटते, कारण सोलापूरचा इतिहास अजून पुरता लिहिलेला नाही आणि तो लिहिणारी मुलं इथलीच असायला हवीत. म्हणून माझी शोधायची पद्धत इथे पायरीपायरीने मांडतो. उदाहरण शेवटपर्यंत एकच : मे १९३० चे ते तीन-चार दिवस.

आधी प्रश्न नीट बांधा

प्राथमिक साधन म्हणजे त्या काळातलं, घटनेशी थेट नातं असलेलं. दुय्यम म्हणजे नंतर कुणी अशा साधनांवरून केलेली मांडणी. ही व्याख्या सगळ्यांना पाठ असते. घोळ होतो तो कागदाला कायमचा शिक्का मारण्यात. एकच कागद एका प्रश्नाला प्राथमिक असतो आणि दुसऱ्या प्रश्नाला दुय्यम.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड सोलापूर जिल्ह्यावर आहे, १८८४ साली छापलेला. त्यात १३९६ पासूनच्या दुर्गादेवीच्या दुष्काळाचा उल्लेख येतो. लिहिणारा जवळपास पाचशे वर्षांनंतरचा, म्हणजे त्या दुष्काळासाठी हे पुस्तक दुय्यम. पण इंग्रज अधिकारी १८८० च्या सुमारास सोलापूरच्या विणकरांकडे, शेतकऱ्यांकडे कोणत्या नजरेनं पाहत होते हा तुमचा विषय असेल, तर तेच पुस्तक अस्सल प्राथमिक साधन. धनंजयराव गाडगीळांनी सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीवर लिहिलेलं पुस्तक १९६५ साली आलं. त्यातलं विवेचन दुय्यम म्हणून वाचा, पण घरोघरी जाऊन जमवलेल्या आकड्यांची कोष्टकं प्राथमिक म्हणून वापरा. एकाच पुस्तकात दोन्ही असू शकतं.

म्हणून डेटाबेस उघडायच्या आधी प्रश्न कागदावर लिहा. “सोलापूर स्वतंत्र होतं का?” हे डेटाबेसला विचारता येत नाही. “८ मेच्या गोळीबारापासून १२ मेला मार्शल लॉ (लष्करी अंमल) पुकारला जाईपर्यंत शहराचा बंदोबस्त आणि कारभार कोण पाहत होतं?” हे विचारता येतं. यात तारखा आहेत, जागा आहे आणि कुणाचे कागद शोधायचे हेही दिसतं : कलेक्टर, पोलीस, नगरपालिका, गिरण्या, वर्तमानपत्रं, कोर्ट.

त्या काळचे शब्द गोळा करा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. मागच्या वर्षी एक विद्यार्थिनी जेस्टोर या जर्नल-लेखांच्या ऑनलाइन डेटाबेसवर आठवडाभर खपून आली आणि म्हणाली, “सर, जेस्टोरवर सोलापूरचं काहीच नाही ओ.” मी विचारलं, “स्पेलिंग काय टाकलंस?” तिनं आजचं टाकलं होतं, एसनंतर थेट ओ. मी तिला मधे एच घालायला सांगितलं. शोलापूर. पडदा भरून गेला. ती दोन मिनिटं काही बोललीच नाही, नुसती खाली खाली सरकवत राहिली.

इंग्रज अमदानीतल्या कागदांत आपलं गाव जवळपास सगळीकडे ‘शोलापूर’ आहे, आणि स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं छापील इंग्रजीत तेच चाललं. इथे छापलेली जीवराज जैन ग्रंथमालेची पुस्तकं पाहा, प्रकाशनस्थळ शोलापूरच. त्यामुळे दोन्ही स्पेलिंगं घ्यायची आणि मधे मोठ्या अक्षरांत ‘ऑर’ लिहायचं, म्हणजे दोन्हींपैकी कोणतंही स्पेलिंग असलेलं सगळं येतं.

हेच इतर शब्दांचं. आपण ‘स्वातंत्र्यलढा’ म्हणतो, सरकारी फाइल त्याला ‘डिस्टर्बन्सेस’, ‘रायट्स’, ‘सिव्हिल डिसओबीडियन्स’ म्हणते. गिरणी कामगार म्हणजे ‘मिल हँड्स’ किंवा ‘ऑपरेटिव्हज’. नगरपालिका म्हणजे ‘म्युनिसिपॅलिटी’ किंवा नुसतं ‘बरो’. इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना जिथे वसवलं त्या सेटलमेंट भागाचा इतिहास शोधायचा असेल तर ‘क्रिमिनल ट्राइब्ज’ हे शब्द टाकावेच लागतात. १८७१ च्या त्या कायद्याने माणसांवर मारलेला हा शिक्का आहे, १९५२ साली तो कायदा गेला. शोधताना हे शब्द वापरायचे, लिहिताना त्यांना अवतरणचिन्हांत ठेवायचं आणि ते कुणाचे आहेत ते सांगायचं.

वहीचं एक पान मधोमध दुमडा. डावीकडे आजचा शब्द, उजवीकडे त्या काळचे दोन-तीन. शोधता शोधता उजवी बाजू वाढत जाईल. माणसांच्या नावांसाठी वेगळं पान करा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली, पण इंग्रजी कागदांत ही नावं आपण लिहितो तशीच सापडतील असं धरून चालू नका. सारडा, सरडा, शारदा, कुर्बान, क्वुर्बान, मधलं नाव पुढे, आडनाव गायब. सगळी रूपं टाकून बघा.

दुय्यमापासून सुरुवात, पण तिथे मुक्काम नाही

नवख्याला वाटतं की खरा संशोधक थेट दप्तरात शिरतो. तसं केलं तर माणूस हरवतो. आधी इतरांनी काय लिहिलंय ते वाचा, कारण त्यांच्या तळटीपांत दप्तराचा पत्ता असतो.

जेस्टोरपासून सुरू करा. लायब्ररीकडे वर्गणी नसली तरी स्वतःच्या ईमेलनं फुकट खातं उघडता येतं आणि दर ३० दिवसांत १०० लेख पडद्यावर वाचता येतात. साध्या चौकटीत न शोधता ‘अॅडव्हान्स्ड सर्च’ उघडा. पहिल्या ओळीत गावाची दोन्ही स्पेलिंगं, मधे ‘ऑर’. दुसऱ्या ओळीत दुहेरी अवतरणचिन्हांत मार्शल लॉ. अवतरणचिन्हं विसरलात तर ‘मार्शल’ एकीकडे आणि ‘लॉ’ दुसरीकडे असलेले लेखही समोर येतील. दोन ओळींच्या मधे ‘अँड’, म्हणजे दोन्ही असलेलेच लेख येतात. शोध फक्त ‘अॅबस्ट्रॅक्ट’मध्ये लावू नका, कारण जुन्या लेखांना बहुतेक वेळा सारांश नसतोच, संपूर्ण मजकुरातच शोधा. निकाल फार आले तर दोन शब्द एकमेकांजवळ आले पाहिजेत अशी अट घाला : अवतरणचिन्हांत शोलापूर आणि स्ट्राइक, मग लगेच लाटेसारखं चिन्ह म्हणजे टिल्ड (~), आणि २० हा आकडा. म्हणजे दोन्ही शब्द वीस शब्दांच्या अंतरात असलेलेच लेख येतील. ही एक युक्ती दिवस वाचवते.

समोर आलेल्या यादीतला पहिला लेख लगेच उघडायचा मोह आवरा. आधी जर्नल कोणतं ते बघा. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’, ‘सोशल सायंटिस्ट’, ‘मॉडर्न एशियन स्टडीज’ ही नावं दिसली की थांबा. पुस्तक-परीक्षणं वगळू नका. दोन पानांच्या परीक्षणात एखाद्या जाड ग्रंथाची ताकद आणि उणीव दोन्ही कळतात. आणि हे लक्षात असू द्या की जेस्टोरवर बऱ्याच जर्नलचे ताजे अंक काही वर्षं उशिरा येतात. अलीकडचं लेखन हवं तर प्रकाशकाच्या संकेतस्थळावर किंवा गूगल स्कॉलरवर जा.

गूगल स्कॉलर मी एकाच कामासाठी पहिल्या नंबरवर ठेवतो : लेखाखालच्या ‘साइटेड बाय’ साठी. वीस वर्षांपूर्वीचा चांगला लेख सापडला की त्यावर टिचकी मारायची, म्हणजे त्यानंतर त्याचा आधार कुणी कुणी घेतला ते कळतं. तळटीप आपल्याला मागे नेते, ‘साइटेड बाय’ पुढे. शेजारच्या ‘ऑल व्हर्जन्स’मध्ये कधी कधी लेखकानेच टाकलेली फुकट प्रत असते.

मग शोधगंगा. देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध इथे फुकट वाचता येतात. आपल्या लोकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. सोलापूर विद्यापीठ २००४ साली झालं. त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणून सोलापूरवरचे जुने प्रबंध शिवाजी विद्यापीठाच्या खणात शोधा, आणि पुणे-मुंबईचे खणही उघडून बघा. प्रबंध प्रकरणवार फायलींत असतो. सगळ्यात आधी शेवटची फाइल, म्हणजे संदर्भसूची, उतरवून घ्या. मराठीत लिहिलेल्या प्रबंधांचं शीर्षक कधी देवनागरीत नोंदलेलं असतं, कधी रोमनमध्ये. दोन्ही टाइप करा.

तळटीप फोडायला शिका

इथे घाई करू नका. चांगल्या लेखाच्या तळटीपेत अक्षरांचा गुंता दिसतो आणि मुलं तो ओलांडून पुढे जातात. तो गुंता म्हणजे किल्ली आहे. ‘एन.ए.आय.’ म्हणजे दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार. ‘होम पोल.’ म्हणजे गृहखात्याची राजकीय शाखा, पुढे साल आणि फाइल क्रमांक. ‘एम.एस.ए.’ म्हणजे मुंबईचं महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार. ‘आय.ओ.आर.’ म्हणजे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतलं इंडिया ऑफिसचं दप्तर, आणि त्यातलं ‘एल / पी अँड जे’ म्हणजे पब्लिक अँड ज्युडिशियल खातं.

आता मे १९३० वरचे चार-पाच लेख उघडा आणि ‘स्वतंत्र’ किंवा ‘कारभार कोलमडला’ या अर्थाच्या वाक्यांखालच्या तळटीपा वहीत एकाखाली एक उतरवा. एखाद्या लेखकाची टीप सरकारी तारेकडे जाईल, एखाद्याची वर्तमानपत्राकडे, एखाद्याची आधीच्याच पुस्तकाकडे. ज्याची टीप पुस्तकाकडे जाते, त्या पुस्तकाची टीप शोधा. असं मागे मागे जाताना जिथे टीपच नसते, तिथे थांबून नोंद करा. पाच जणांनी तेच लिहिलं म्हणजे पाच पुरावे झाले असं नाही; पाचही जण एकाच ठिकाणाहून पाणी भरत असू शकतात.

माझ्या स्वतःच्या प्रबंधिकेत मी एका पुस्तकातली तारीख जशीच्या तशी घेतली होती. पुढे मूळ कागद पाहिला तेव्हा ती दोन दिवसांनी चुकलेली निघाली, आणि माझा तीन पानांचा युक्तिवाद त्या दोन दिवसांवरच उभा होता. तेव्हापासून तारीख आणि आकडा मी दुय्यम साधनावरून घेतच नाही.

प्राथमिक साधनं : जर्नलच्या आत आणि बाहेर

जर्नलचा डेटाबेस म्हणजे फक्त दुय्यम साधनं, हा समज सोडा. जेस्टोरवरच प्रकाशनाचं साल १९३० ते १९३२ असं बांधून घ्या आणि ‘इंडिया’, ‘सिव्हिल डिसओबीडियन्स’ टाका. ‘पॅसिफिक अफेअर्स’, ‘इंटरनॅशनल अफेअर्स’ अशा नियतकालिकांतले त्या वेळचे लेख येतील. आजच्या इतिहासकाराने १९३० वर लिहिलेला लेख दुय्यम. १९३० मध्येच लिहिलेला लेख त्या काळचं मत म्हणून प्राथमिक. जागा एकच, फरक फक्त सालाच्या चाळणीचा. तसंच मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसचं ‘लेबर गॅझेट’ हे १९२१ पासूनचं मासिक. त्यातले संपांचे आणि मजुरीचे आकडे गिरणगावाचा अभ्यास करणाऱ्याला लागतातच. जुने सरकारी अहवाल पुण्याच्या गोखले संस्थेच्या डिजिटल संग्रहात आणि इंटरनेट आर्काइव्हवर धुंडाळा.

त्यानंतर ‘अभिलेख पटल’. राष्ट्रीय अभिलेखागाराचं हे पोर्टल आहे, नोंदणी फुकट. इथला शोध जर्नलपेक्षा वेगळा चालतो. तो फाइलच्या शीर्षकासारख्या नोंदीत शोधतो, आतल्या पानांत नाही. म्हणून लांबलचक वाक्य टाकू नका. ‘शोलापूर’ आणि साल १९३०, बस. नंतर ‘बॉम्बे’ आणि ‘डिस्टर्बन्सेस’ असं गाव वगळूनही शोधा, कारण आपल्या गावाचा कागद पुष्कळदा सबंध इलाख्याच्या फाइलमध्ये दडलेला असतो. ‘फोर्टनाइटली रिपोर्ट’ हे शब्दही टाका. प्रांताकडून दर पंधरवड्याला दिल्लीला जाणारा हा अहवाल. मे १९३० चे दोन्ही पंधरवडे वाचायलाच हवेत.

लंडनच्या पार्लमेंटची कामकाज-नोंद, म्हणजे हॅन्सार्ड, ऑनलाइन फुकट आहे. मे-जून १९३० मध्ये भारतमंत्री वेजवुड बेन यांना सोलापूरबद्दल प्रश्न विचारले गेले. गाव आणि महिना टाकून ते वाचा. उत्तर देणारा मंत्री लंडनमध्ये बसून इथून गेलेल्या तारांवर बोलतोय, त्यामुळे त्याचं उत्तर ‘सरकारने काय सांगितलं’ याचं प्राथमिक साधन आहे, ‘मंगळवार पेठेत काय घडलं’ याचं नव्हे.

वर्तमानपत्रांत ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे जुने अंक पैसे भरून मिळणाऱ्या डेटाबेसमध्ये आहेत, लायब्ररीत चौकशी करा. पण फुकटची एक खाण मुलांना माहीत नसते : ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘ट्रोव्ह’. तिथल्या वर्तमानपत्रांत तारेनं आलेल्या हिंदुस्थानच्या बातम्या छापल्या जात, आणि १९३० च्या मेमध्ये आपलं गाव जगभरच्या बातम्यांत होतं. जुन्या छपाईचं यंत्राने केलेलं वाचन चुकतं, म्हणून ‘शोलापूर’च्या स्पेलिंगमध्ये यूच्या जागी एन टाकूनही एकदा शोधा. तोच तारेचा मजकूर दहा पेपरांत आला तर तो एकच साक्षीदार धरायचा.

कोर्टाचे निकाल हे आपल्या शहराचं फार मोलाचं साधन आहे आणि ‘इंडियन कानून’ या संकेतस्थळावर ते फुकट वाचता येतात. मार्शल लॉच्या काळातली शिक्षा मुंबई हायकोर्टात गेली, तो चनाप्पा शांतिराप्पा विरुद्ध एम्परर हा १९३० चा निकाल तिथे शोधा. सर्वोच्च न्यायालयाच्या अगदी सुरुवातीच्या मोठ्या खटल्यांपैकी दोन आपल्या ‘जुन्या मिल’वरून, म्हणजे शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीवरून, झाले : १९५० चा चरणजीतलाल चौधरी आणि १९५३ चा द्वारकादास श्रीनिवास. राज्यघटनेच्या अभ्यासकांना ते समानतेच्या आणि मालमत्तेच्या हक्कासाठी ठाऊक असतात. आपण सुरुवातीची पानं वाचायची. ऑगस्ट १९४९ मध्ये मिल बंद पडली आणि पुढे सरकारनं ती ताब्यात घेतली, ती हकिकत तिथे आहे. त्यावर कायद्याच्या जर्नलांत आलेले लेख मात्र दुय्यम.

विज्ञान-शेतीच्या मुलांसाठी थोडक्यात. तुमच्याकडे प्राथमिक म्हणजे स्वतः प्रयोग केलेल्यांचा शोधनिबंध, आणि दुय्यम म्हणजे अनेक निबंधांचा आढावा घेणारा ‘रिव्ह्यू’. ओळखायची खूण सोपी : ‘मटेरियल्स अँड मेथड्स’ हा भाग आहे का? डाळिंबावरच्या तेल्या रोगाचं शोधताना ‘तेल्या’ टाकून काही मिळणार नाही. ‘बॅक्टेरियल ब्लाइट’, ‘झँथोमोनास’ आणि डाळिंबाचं शास्त्रीय नाव ‘प्युनिका ग्रॅनॅटम’ टाका. कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’वर आहेत.

कुलूप लागलं तर

लेख पैसे मागत असेल तर खिशात हात घालू नका. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नलं सरकारी विद्यापीठांना आणि संस्थांना खुली झाली आहेत. आपली संस्था त्यात आहे का, घरून वापरायचं लॉगिन मिळतं का, आणि कॉलेजांना ई-जर्नलं देणाऱ्या ‘एन-लिस्ट’चा पासवर्ड कॉलेजकडे आहे का, हे तीन प्रश्न ग्रंथपालांना विचारा. ग्रंथपालांशी ओळख ठेवा. कुठल्या जर्नलचा कोणता कालखंड मिळतो हे त्यांना ठाऊक असतं. तेही नाही जमलं तर लेखकाला चार ओळींचं नम्र ईमेल लिहा. माझ्या मुलांना परदेशातूनसुद्धा दुसऱ्या दिवशी प्रत आलेली आहे.

प्रत्येक साधन मिळालं की लगेच, त्याच मिनिटाला, पाच गोष्टी उतरवा : कुठे सापडलं, कोणते शब्द टाकल्यावर सापडलं, कायमचा दुवा, पान क्रमांक, आणि तुमच्या प्रश्नासाठी ते प्राथमिक की दुय्यम. झोटेरो हे फुकट सॉफ्टवेअर यासाठी उत्तम. वहीही चालेल. जिथे शोधून काही मिळालं नाही तेही लिहा, नाहीतर महिन्याभराने तेच पुन्हा कराल.

एवढं झालं की हातात एक यादी उरते : तळटीपांत दिसलेल्या, पण ऑनलाइन न सापडलेल्या फायलींची. इथली वर्तमानपत्रं आणि स्मरणिका असतील तर आधी हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारा. ‘एम.एस.ए.’ लिहिलेलं सगळं मुंबईत, काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. विभागप्रमुखांच्या सहीचं शिफारसपत्र, ओळखपत्र आणि पेन्सिल घ्या, रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडा, आणि सकाळी तिथल्या टेबलावर पहिल्या चिठ्ठीत खातं, साल आणि फाइल क्रमांक लिहून द्या.